आभाळाचा हिशेब चोख, गायरानाचा कधी?

१२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून 'मेघा-ट्रॉपिक्स' उपग्रह सुटला. भारताची इस्रो आणि फ्रान्सची सीएनईएस यांचा हा संयुक्त प्रकल्प. काम उष्ण कटिबंधातला पाऊस, ढग आणि बाष्प मोजण्याचे. त्याची कक्षा विषुववृत्ताशी २० अंशांनी कललेली. आपले औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, १९.९ अंशांवर. म्हणजे त्याच्या फेरीची उत्तरेकडची कड मराठवाड्यावरूनच जात होती.

कामाची वाटणी पाहा. उपग्रहाचा सांगाडा आणि उड्डाण इस्रोचे, बाष्प मोजणारे 'सफीर' फ्रान्सचे, पाऊस मोजणारे 'मद्रास' दोघांचे मिळून. जानेवारी २०१३ मध्ये नेमके 'मद्रास'च निकामी झाले. मराठवाडा तेव्हा दुष्काळात होरपळत होता. तरी प्रकल्प गुंडाळला नाही. 'सफीर'चे आकडे जागतिक पर्जन्यमापन मोहिमेला दिले, तीन वर्षांचे ठरलेले काम दहा वर्षांपर्यंत चालवले. शेवटी ७ मार्च २०२३ रोजी, अवकाशात कचरा राहू नये म्हणून, उरलेले इंधन वापरून तो प्रशांत महासागरावर उतरवला. याला व्यवस्थापन म्हणतात! आम्हाला त्याचा अभिमानच आहे. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार देणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी आहोत.

पण खाली जमिनीवर काय? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाडा बुडाला. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरवर पाऊस झाला की अतिवृष्टी. पाऊस सातबारा विचारून पडत नाही, मदत मात्र सातबारा विचारते. पिढ्यानपिढ्या गायरान कसणाऱ्या आमच्या बांधवाचे सोयाबीनही कुजले. यादीत त्याचे नाव नाही.

शासनाला तो माहीत नाही, असे कुणी म्हणू नये. गाव नमुना १-ई हे अतिक्रमणांचे रजिस्टर तलाठ्याकडेच असते. हुसकावण्याची नोटीस काढताना त्यातले नाव बरोबर सापडते, पंचनाम्याला गेल्यावर तेच हरवते! १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग निकालात गायराने मोकळी करायला सांगितली, हे अधिकारी तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्याच निकालात शासनाने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर तो अपवाद म्हटला आहे, ते वाक्य त्यांच्या फायलीत नसते.

गायरानधारकांनी १-ई चा उतारा मागावा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा आणि तो पंचनाम्याच्या मागणीसोबत तहसीलदाराकडे देऊन पोच घ्यावी. पोचेशिवाय परतू नये.