पावसातले चार्जिंग : सांभाळायची ती तिसरी पिन

बुलडाणा जिल्ह्यात गावांची ओळख ‘घाटावरचे’ की ‘घाटाखालचे’ अशी सांगतात. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड घाटाखालचे. अशा गावात इलेक्ट्रिक कार घेतली की ती बहुतेक वेळा अंगणात उभी राहते आणि रात्री घरच्याच बोर्डावर चार्ज होते. मृगाचा पाऊस सुरू झाला की घरात प्रश्न निघतो : भिजत्या गाडीला वायर लावायची का?

गाडीपुरते उत्तर सोपे आहे : लावता येते. चार्जिंग गन बसवली की गाडी आणि चार्जर यांच्यात आधी हलक्या दाबाचा संकेत फिरतो. जोड नीट बसल्याची खात्री झाल्यावरच गनच्या पिनांत वीज सोडली जाते. बहुतेक कारच्या बॅटरीला ‘आयपी ६७’ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरू नये. गनच्या तोंडात पाणी किंवा चिखल गेला नाही एवढे पाहावे.

खरी कच्ची बाजू भिंतीकडची. घरगुती चार्जर साधारण १५ अँपिअर वीज ओढतो, आणि ३० किलोवॅट-तासांची बॅटरी भरायला नऊ तास लागतात. गिझर पाव तासात बंद होतो. इथे रात्रभर तोच भार. ढिले सॉकेट किंवा एक्सटेन्शन बोर्डाची बारीक वायर त्यात तापते, वितळते. तो बोर्ड ओल्या अंगणात पडलेला असेल तर बोलायलाच नको.

त्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. अर्थिंग नसेल तर बहुतेक चार्जर लाल दिवा लावून चालायला नकार देतात. मग कुणीतरी ‘जुगाड’ सुचवतो : सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनला जोडायची. लाल दिवा जातो, गाडी चार्ज होते आणि सगळे खूश. पण आता गाडीचा पत्रा न्यूट्रलला जोडलेला आहे. खांबावर किंवा मीटरजवळ न्यूट्रल तुटली, तर त्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात. गाडी रबराच्या टायरांवर उभी. ओल्या जमिनीवर अनवाणी येऊन दार उघडणारा माणूसच विजेची वाट होतो.

एमसीबी आहे, ती पडेल, असा अनेकांचा समज असतो. एमसीबी तारेला आणि भाराला सांभाळते, माणसाला नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला अंगातून जाणारे ०.१ अँपिअर कळतही नाहीत, आणि जीव घ्यायला तेवढे पुरतात. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, जिला गावचे वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. गेलेली आणि परतलेली वीज यांत एवढा फरक पडला की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. कारसाठी ‘टाइप ए’ची घ्यावी आणि तिचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. मात्र ते बटण अर्थिंग तपासत नाही.

अर्थिंगची परीक्षा या भागात मे महिन्यात घ्यावी. काळी माती उन्हात भेगाळते, आकसते, रॉडपासून सुटते आणि रोध वाढतो. पावसाळ्यात ओल्या मातीत कामचुकार अर्थिंगही पास होते. चार्जिंगसाठी वेगळी लाइन, ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर आणि छपराखाली झाकणाचे सॉकेट, एवढा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

ढग गडगडू लागले की भिंतीकडचे बटण बंद करून प्लग काढावा. जवळ पडलेल्या विजेचा दाब चार्जर जाळतो. आणि गाडी नाल्याच्या पुरात उभी राहिली असेल, तर ती वाळली तरी चार्जिंगला लावू नये. घरापासून दूर, मोकळ्या जागी ठेवून सर्व्हिस सेंटरला कळवावे. फ्लोरिडात २०२२च्या वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही गाड्यांनी पाणी ओसरल्यावर, काही दिवसांनी पेट घेतला होता. नाल्याचे पाणी खारे नसते, तरी बॅटरी उघडून तपासल्याशिवाय आत काय झाले ते बाहेरून दिसत नाही.