'सिट' आणि 'सेट' : इंग्रजीतल्या हरवलेल्या 'य'ची गोष्ट

इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे ठेवणे. 'लाय' म्हणजे आडवे होणे, तर 'ले' म्हणजे आडवे ठेवणे. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणे. शाळेत या जोड्या पाठ करायला लावतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे एकच नियम आहे. फक्त तो घडवणारा प्रत्यय आज ऐकू येत नाही.

हा प्रत्यय कोणता?

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या भाषांच्या पूर्वज भाषेला आद्य-जर्मानिक म्हणतात. तिच्यात लिहिलेले ग्रंथ मिळत नाहीत. वंशज भाषांची तुलना करून अभ्यासकांनी तिची रूपे ठरवली आहेत. या भाषेत '-यन' हा शेवट लावून प्रयोजक क्रियापद बनत असे, म्हणजे 'करणे'चे 'करायला लावणे' होई. त्यातला 'य' हा खरा प्रत्यय. चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात 'सत्यन' (बसवणे, ठेवणे) हे रूप स्पष्ट दिसते.

नामापासून किंवा विशेषणापासून क्रियापद करायलाही हाच 'य' चाले. 'ब्लड'पासून 'ब्लीड', 'फूड'पासून 'फीड', 'फुल'पासून 'फिल' अशी क्रियापदे त्यातूनच आली.

मग 'य' गेला कुठे?

'य' उच्चारताना जीभ पुढे सरकते. त्याच्या ओढीने जुन्या इंग्रजीत आधीचा स्वरही पुढे सरकला आणि 'अ'चा 'ए' झाला. पुढे 'य' गळून गेला, पण बदललेला स्वर तसाच राहिला. जर्मनमधल्या 'झिट्सन' (बसणे) आणि 'झेट्सन' (बसवणे, ठेवणे) या जोडीतही हेच घडले.

मराठीशी काय संबंध?

या 'य'चे मूळ आणखी मागे, आद्य-इंडो-युरोपीय भाषेत आहे. तिथूनच संस्कृतला '-अय' हा प्रयोजक प्रत्यय मिळाला. संस्कृत 'सादयति' (बसवतो) आणि इंग्रजी 'सेट' ही एकाच मूळ रूपाची वंशज आहेत.

संस्कृतात 'पतति'चे 'पातयति' आणि 'गलति'चे 'गालयति' होते. मराठीत '-अय' गळाला आणि मागे दीर्घ स्वर उरला : पडणे-पाडणे, गळणे-गाळणे, जळणे-जाळणे. स्वर बदलण्याची कारणे दोन्हीकडे वेगळी आहेत, पण शेवट सारखाच झाला. प्रत्यय गेला आणि त्याचे काम स्वराकडे आले.

आज स्थिती काय?

इंग्रजीत या पद्धतीने आता नवे क्रियापद बनत नाही. त्यासाठी 'मेक'सारखे वेगळे क्रियापद वापरावे लागते. शिवाय 'लाय'चे भूतकाळी रूपही 'ले' असल्याने इंग्रजी मातृभाषा असलेलेही या जोडीत गोंधळतात. मराठीने मात्र संस्कृतच्या '-आपय'मधून आलेला 'व' हाताशी ठेवला. म्हणून बसणे-बसवणे, हसणे-हसवणे अशा जोड्या आपण पाठ न करता बोलतो.