तीच स्क्रिप्ट, तोच डेटा, उत्तर मात्र वेगळं!

पुण्यात संशोधनाला आलात की कधीतरी क्लस्टरवर लॉगिन करावं लागतंच. सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ इथेच उभारला. आयसरमध्ये आज ‘परम ब्रह्म’ आहे. लॉगिन केल्यावर समोर येतो बहुतेक वेळा बॅश शेल.

पहिल्या वर्षी, लॅबच्या छोट्या क्लस्टरवर मी सोमवारी एक जॉब टाकला. गुरुवारी तोच पुन्हा टाकला, तर उत्तर वेगळं. गाईडनी विचारलं, “यातलं खरं कुठलं?” मी गप्प. कोडमध्ये एक अक्षरही बदललं नव्हतं.

झालं काय होतं? बॅश कसा सुरू झाला, त्यावर तो कुठली फाइल वाचणार हे ठरतं.

१. एसएसएचने आत आलात, की तो लॉगिन शेल. तो आधी सगळ्यांसाठीची सामाईक प्रोफाइल वाचतो. मग तुमच्या होममध्ये ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’, ‘.प्रोफाइल’ या क्रमाने शोधतो आणि पहिली सापडेल तेवढीच वाचतो.

२. आत आल्यावर नुसतं ‘बॅश’ टाइप केलंत, तर होममधली ‘.बॅशआरसी’ वाचली जाते. म्हणूनच बऱ्याच जणांच्या ‘.बॅश_प्रोफाइल’मध्ये ‘.बॅशआरसी’ वाचायला सांगणारी ओळ असते.

३. स्क्रिप्ट चालवलीत, तर एरवी यातलं काहीच वाचलं जात नाही. जिथून ती सुरू झाली, तिथले एक्सपोर्ट केलेले व्हेरिएबल तेवढे तिला मिळतात.

मेख इथेच आहे. स्लर्ममध्ये ‘एसबॅच’ने जॉब टाकताना वेगळं काही सांगितलं नाही, तर त्या क्षणीच्या टर्मिनलमधले व्हेरिएबल जॉबबरोबर जातात. सोमवारी मी पायथनचं नवं मॉड्यूल हाताने लोड केलं होतं. गुरुवारी नव्याने लॉगिन केलं आणि तेवढंच विसरले. जॉबला जुनी लायब्ररी मिळाली, आणि तिच्यातल्या एका फंक्शनचं डीफॉल्ट वेगळं होतं.

तेव्हापासून माझा नियम: ‘.बॅशआरसी’ फक्त सोयीसाठी, म्हणजे एलियास, प्रॉम्प्टचा रंग वगैरे. ज्याने उत्तर बदलू शकतं, ते सगळं जॉब स्क्रिप्टमध्येच. आधी ‘मॉड्यूल पर्ज’, मग आवृत्तीसकट मॉड्यूल लोड, मग पायथनची आवृत्ती आउटपुटमध्ये छापायची. थीसिस लिहिताना “हा आकडा आला कुठून?” असं कुणी विचारलं, तर हीच नोंद कामी येते.

करून बघा: दोन्ही फाइलींत एकेक ‘एको’ टाका आणि कुठली कधी बोलते ते पाहा. नंतर आठवणीने काढा, ‘.बॅशआरसी’तल्या अशा ओळीमुळे एससीपीने फाइल पाठवणं अडतं.