सोनेरी चौकटीतला आरसा

आमचे गाव जांभूळ. बाबा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशचे काम करतात. मी लहान असताना एका गिऱ्हाइकाने जुना विलायती आरसा त्यांच्याकडे 'नवा' करायला दिला होता. चौकटीवर शिंपले, पानेफुले, इंग्रजी 'सी'सारखी वळणे. पण डावी बाजू उजवीशी जुळत नव्हती. बाबांना ती कारागिराची चूक वाटली. यंदा ग्रंथालयात वाचले तेव्हा उमगले, की ही रोकोको शैली. १७३० च्या सुमारास ती फ्रान्समध्ये बहरली आणि असा असमतोल हाच तिचा डौल.

अशा चौकटीला रंग नसतो. कोरीव लाकडावर खडू व सरस यांचे थर, त्यांवर तांबडी माती, मग सोन्याचा वर्ख आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटाई. वर्ख इतका पातळ, की श्वासानेही उडावा! कडा झिजल्या की खालची तांबडी माती डोकावते. जाणकार हीच जुनेपणाची खूण मानतात (हल्ली ती मुद्दाम घासूनही आणतात म्हणे). जुन्या काचेमागे कथील व पारा असे. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चची सोनेरी कोरीव वेदी आहे, तीही याच कुळातली.

बाबांनी ती तांबडी माती मळ समजून काचकागदाने घासून काढली आणि वर पितळी भुकटीचा सोनेरी रंग मारला. गिऱ्हाईक खूश झाले. पण पितळ हवेने काळवंडते, सोने नाही. परवा हे सारे मी बाबांना सांगितले. बराच वेळ ते आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग तवाच का नाय सांगितलास?"

तेव्हा मी तिसरीत होतो.