रात्री एक गाव, सकाळी हजेरी अन् पुन्हा दुसरे गाव
जत्रेतल्या जुन्या ढोलकीवाल्याचा दिवस कसा जातो?

मंडळी, चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. तिथे जाऊन पंच मंडळी सुपारी ठरवतात, तारीख पक्की करतात अन् विसार देऊन मोकळी होतात. पण त्या तारखेच्या आदल्या रात्री तो फड कुठे होता, याची चौकशी आपण कधी केली आहे का?

फडाचे वर्षाचे गणित ह्याच दिवसांवर असते. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्ध पौर्णिमेपर्यंत फिरतो; पण सुपारीचा खरा पैसा चैत्र-वैशाखातला. त्यातही पौर्णिमा-अष्टमीला एकाच दिवशी अनेक गावांच्या जत्रा येतात. मग विश्रांतीचा दिवस काढायचा कुठून? रात्री पहिल्या गावात गण, गौळण, बतावणी अन् वग. सकाळी त्याच गावात देवळापुढे नाहीतर चावडीपुढे हजेरी. दुपारी इकडे कुस्त्यांचा फड रंगतो, तोवर तिकडे ट्रक भरून पुढचे गाव गाठायचे. संध्याकाळी पुन्हा स्टेज, पुन्हा गण. म्हणजे एकाच दिवसात दोन गावांत दोन कार्यक्रम.

ढोलकीवाल्याला बदली नाही

नाचणाऱ्या पोरी आळीपाळीने बसतात. सोंगाड्याला दोन प्रवेशांच्या मध्ये उसंत मिळते. ढोलकीवाल्याला मात्र पहिल्या सलामीपासून शेवटच्या लावणीपर्यंत उभेच राहावे लागते. वग कुठे वळतो, सोंगाडी विनोद कुठे टाकणार, घुंगरू कधी थांबणार, हे कागदावर लिहिलेले नसते. चाळीस-चाळीस वर्षे वाजवलेल्या माणसाच्या हातात ते बसलेले असते. म्हणून वय झाले तरी मालक त्याला सोडत नाही अन् त्यालाही बसून चालत नाही.

त्यात वाद्यही हवामान ओळखणारे. रात्रीच्या दवाने कातडे सैल पडते अन् नाद बसतो. तेच वाद्य सकाळी हजेरीच्या उन्हात ताणते अन् स्वर चढतो. दोन्ही वेळा ढोलकी नव्याने स्वरात आणावी लागते. उजव्या तोंडाची शाई निघाली, तर आडगावात ती भरून कोण देणार? म्हणून जाणता वादक जोडीला दुसरी ढोलकी ठेवतो. बोटे फुटली तर चिकटपट्टी गुंडाळतो, पण वाजवणे थांबत नाही.

ह्या धंद्याची रीतच कडक. १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या विठाबाई नारायणगावकर बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण सारेच ऐकत आलो. २००२ साली विठाबाई गेल्या. अशा गोष्टीला आपण टाळ्या देतो. पण अशी वेळ कलावंतावर का यावी, हेही विचारले पाहिजे. २०२० आणि २०२१ साली कोरोनाने जत्रा बंद झाल्या, तेव्हा ह्या माणसांची दोन वर्षांची कमाई बुडाली.

गावाने एवढे करावे

आपल्याकडे सत्कार अन् भाषणे लांबतात. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत लाऊडस्पीकरला बंदी आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकारला बारापर्यंत सवलत देता येते. आपल्या जत्रेचा दिवस त्यात बसतो का, हे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी अन् पोलीस पाटलांनी आधीच पाहावे आणि परवानगी लेखी घ्यावी. नाहीतर वग रंगात येतो, तोच बंद करावा लागतो अन् लोकांचा राग कलावंतावर निघतो.

हजेरीही वेळेवर लावा अन् वेळेवर सोडा. तुमच्याकडे दोन तास उशीर झाला, की पुढच्या गावात तमाशा दोन तास उशिरा उभा राहतो. ते गाव मग सुपारीतून पैसे कापते. चूक आपली अन् भुर्दंड फडाला, हा कुठला न्याय?

रात्री कार्यक्रम सुटल्यावर शाळेची एखादी खोली उघडून द्या. प्यायला पाणी, बायाबापड्यांसाठी आडोसा अन् सकाळी पोटभर जेवण एवढे पुरे. ठरलेली उरलेली रक्कम हजेरी संपताच हातात ठेवा. त्यासाठी ट्रक ताटकळत ठेवू नका.

बैलाला दोन पाळ्यांच्या मध्ये आपण सावलीला बांधतो, वैरण टाकतो. ढोलकीवाला तर माणूस आहे. यंदा यात्रा कमिटीच्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबाबरोबर हाही विषय घ्या.