भिजलेला फोन आणि आपली घाई

जून संपत आला की जव्हारहून जामसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर धुके उतरते आणि पुढचे तीन महिने अंगावरचा कपडा धड वाळत नाही. रेनकोट असतो, पण इथला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. गेल्या वर्षी जुलैतल्या अशाच एका दुपारी शाळेतून मोटारसायकलवर परतताना फोन आमच्या कुर्त्याच्या खिशात होता, वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. घरी आल्यावर पिशवी काढली. फोन चालू होता, बॅटरी मात्र पाच टक्के. रुमालाने पडदा पुसला, फोन चार्जरला लावला आणि असरच्या नमाजला गेलो. परत आलो तर घरात जळका वास.

फोन जुनाच होता, त्याचे काही वाटले नाही. पण त्यात अम्मीचा आवाज होता. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून ती व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायची. येताना भाजी कोणती आणायची, नात्यात कुठे मय्यत झाली, आम्ही जेवलो की नाही. तिच्या इंतेकालानंतर दीड वर्ष आम्ही ते निरोप जपले होते. दुसरी प्रत कुठेच ठेवली नव्हती.

दुरुस्तीवाल्याने फोन उघडून दाखवला. आत पाणी फार गेलेच नव्हते. चार्जिंगच्या खाचेत ओल होती, त्यात वीज सोडली गेली आणि ती आतला भाग जाळत गेली. "सर, रात्रभर नुसता पडू दिला असता तरी वाचला असता," तो म्हणाला. तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यात आहे. पावसाने जितके फोन बिघडतात, त्याहून जास्त आपण पावसानंतरच्या घाईने बिघडवतो.

पाण्याचा थेंब एकटा फारसे काही करत नाही. त्यातून वीज वाहू लागली की खाचेतल्या बारीक पिना गंजतात, दोन पिना आपसात जुळून शॉर्ट होतो. म्हणून भिजलेल्या फोनचे पहिले काम तो बंद करणे. चालू आहे ना, हे बघण्यासाठी पुन्हा पुन्हा बटण दाबायचे नाही. कव्हर काढावे, सिमचा ट्रे बाहेर ओढावा, बॅटरी निघणारा साधा फोन असेल तर बॅटरीही काढावी. सुती कपड्याने पुसून, खाच खाली येईल असा फोन धरून तळहातावर हलकेच आपटावा. मग पंख्याच्या वाऱ्यात ठेवून द्यावा. खाच नुसती दमट असेल तर अर्ध्या तासातही सुकते, पण पूर्ण भिजलेल्या फोनला निदान एक दिवस द्यावा. आमच्याकडच्या हवेत तर दोन दिवस. चुलीजवळ किंवा तव्याच्या उबेवर ठेवू नये, केस वाळवायचे यंत्र लावू नये; उष्णतेने बॅटरी आणि आतला डिंक दोन्ही खराब होतात. खाचेत काडी, कापूस, सुई काही घालू नये.

आता तांदळाचे. जव्हार-मोखाड्यात भात घरचा, त्यामुळे भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसणे हा ठरलेला उपाय. चारही बाजूंनी बंद असलेल्या फोनच्या आतली ओल कोरडा तांदूळ ओढून घेत नाही. उलट त्याची भुकटी आणि कणी खाचेत जाऊन बसते. ॲपल कंपनीने तर तांदळात ठेवू नका असे स्पष्टच सांगितले आहे. आमच्या शेजारच्या खालाजानना हे अजून पटलेले नाही. त्यांचा एक फोन तांदळातून जिवंत निघाला होता. तो पंख्याखालीही जिवंत राहिला असता, हे त्यांना कोण सांगणार!

फोन पाण्यात बुडालाच असेल, आणि त्यातही साबणाच्या, डाळीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात, तर नुसते वाळवून भागत नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि गंज चढत राहतो. असा फोन चालू न करता लवकरात लवकर दुरुस्तीवाल्याकडे न्यावा, आणि आधी उघडा, मग वीज लावा, असे त्याला बजावावे. दुकानदार 'आयपी ६८' म्हणजे वॉटरप्रूफ असे सांगून महागडा फोन विकतो. ही चाचणी नव्या फोनची, स्वच्छ आणि स्थिर पाण्यातली असते. एकदा पडलेल्या, एकदा उघडलेल्या फोनचा त्यावर भरवसा नको. शिवाय पाण्याचे नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही.

मशिदीतला एक अपघात तर नेहमीचा. वुजूला वाकले की वरच्या खिशातला फोन थेट हौदात. बसण्यापूर्वी तो कोनाड्यात ठेवायला दोन सेकंद लागतात.

शेतावरची माणसे या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी. जामसरच्या बाजूला आवणीच्या दिवसांत बाया चिखलात उभ्या असतात, डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकची खोळ, आणि फोन तेलाच्या रिकाम्या पिशवीत, तोंडाला दोन पीळ देऊन रबर लावलेला. आमच्या पिशवीला तो रबर नव्हता, एवढाच फरक. या बायांसाठी फोन म्हणजे दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला गेलेल्या माणसांशी दुवा, रेशनचा ओटीपी आणि अडल्या वेळी १०८ ची रुग्णवाहिका. घरात बाळंतपण जवळ आलेले असताना फोन बंद पडला तर काय होते, ते शहरात बसून कळणार नाही.

पडदा ओला असला की फोनला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही, आकडे भलतेच उमटतात. अशा वेळी बटणे कामी येतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांत धोक्याची सोय सक्तीची झाली. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण भराभर तीनदा दाबायचे, की ११२ ला हाक जाते. पुढच्या फोनांत कंपन्यांनी यात फरक केले आहेत, तेव्हा आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' शोधून आजच बघून ठेवावे. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळाला तर ११२ लागू शकतो.

रेंज नसलेल्या भागात बॅटरी लवकर का संपते? फोन सतत टॉवर शोधत राहतो म्हणून. घाटात तासभर एअरप्लेन मोड लावला तर संध्याकाळपर्यंत चार्ज टिकतो. आधी उतरवून घेतलेला नकाशा तेव्हाही चालतो. विजा कडाडत असताना मात्र चार्जरला लावलेल्या फोनवर बोलू नये. धोका फोनचा नसतो, भिंतीतून येणाऱ्या तारेचा असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. शेतकऱ्यांच्या फोनात ते आम्ही स्वतः बसवून देतो.

हिवाळ्यात गुलमर्गला जाणाऱ्या कुटुंबांनाही हेच सांगणे, फक्त उलट टोकाकडून. बर्फात स्की करताना बाहेरच्या खिशातला फोन भरल्या बॅटरीनिशी बंद पडतो, कारण थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी तो पिशवीत बंद करावा, म्हणजे दव फोनवर न जमता पिशवीवर जमते. आणि गोठलेला फोन लगेच चार्जरला लावू नये. इथेही घाईच नडते.

आम्ही आता महिन्यातून एकदा व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतो आणि जवळच्यांचे आवाज वेगळ्या कार्डावर उतरवतो. नंबर वहीत लिहिलेले आहेत, तीच यादी स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवली आहे. शाळेत मुलांकडूनही घरचे चार नंबर पाठ करून घेतले. गेल्या ईदला फुफीच्या फोनमध्ये अम्मीचे तीन निरोप निघाले. ते आता चार जणांकडे आहेत. एकात ती फक्त गव्हाच्या पिठाचा भाव सांगते.