पनीरचे पाणी गटारात का सोडायचे?

कोल्हापूर जिल्ह्याची ओळख गुळाइतकीच दुधाचीही आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचे ‘गोकुळ’ हे नाव घराघरांत पोचले. मोठे संघ दुधाचा थेंबन्‌थेंब कामी आणतात. कागलसारख्या गावात पनीर, चक्का वा तूप करणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने मात्र उरलेल्या मालाचा हिशेब क्वचितच मांडलेला असतो. तो आपण मांडू या.

१०० लिटर दूध नासवले की साधारण १५ ते २० किलो पनीर मिळते आणि ८० लिटरच्या आसपास निवळी उरते. हे नुसते पाणी नव्हे. दुधातील साखर, थोडी प्रथिने व क्षार मिळून तिच्यात सुमारे ६ टक्के घन पदार्थ असतात. म्हणजे दुधाच्या भावात घेतलेला चार ते पाच किलो माल आपण गटारात सोडतो. तोच नाल्यातून दूधगंगेत गेला, तर कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतो.

या निवळीचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे शेजारचा बेकरीवाला. ५० किलो मैदा मळायला २५ ते ३० लिटर पाणी लागते. त्यातील निम्म्या पाण्याऐवजी निवळी वापरून पाहावी. दुधातील साखर यीस्ट खात नाही. ती शिल्लक राहते व पाव-टोस्टला तांबूस रंग आणते. निवळी ताजी, गाळून, उकळून थंड केलेली असावी. आंबटपणा वाटल्यास प्रमाण कमी करावे. पहिला घाणा लहानच घ्यावा.

दुसरा मार्ग पेयाचा. वरची स्निग्धता काढून, उकळून गार केलेल्या निवळीत साखर, लिंबू, जिरे किंवा आंब्याचा रस घालावा. ती थंडच ठेवावी व लवकर विकावी.

तूप कढवणाऱ्यांकडे बेरी उरते. तिच्यात बरेच तूप असते. गूळ-खोबरे घालून तिची वडी होते.

विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा कायदा, २००६ नुसार नोंदणी वा परवाना घ्यावा. लिंबूसत्त्वाने फाडलेल्या पनीरच्या निवळीत हलालबाबत अडचण नाही. चीजची निवळी घेताना मात्र रेनेट कशापासून केलेले आहे, हे विचारावे.

पावडरीची यंत्रे महाग असतात, त्या फंदात लगेच पडू नये. आधी आठवडाभर रोज किती निवळी उरते, ते वहीत लिहावे. मग बेकरीवाल्याशी बोलावे.